ड्रेनेज लाइन पूर्ण तुंबत नाही, पण पाणी फार हळू उतरतं. नेमकं कुठे बघायचं? (ही चर्चा आहे; प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळमजला

आधी लाइनची मांडणी. तळमजल्यावर एक कमोड, बाथरूमची नहाणी (फरशीतलं पाणी जाण्याचं जाळीचं तोंड) आणि बेसिन. हे तिन्ही ११० मिमी पीव्हीसी पाइपने पहिल्या चेंबरमध्ये येतात. सिंकचा ७५ मिमी पाइप बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये (वर जाळी असलेला छोटा खड्डा; ट्रॅप म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाक) आणि गली ट्रॅप त्याच चेंबरमध्ये. तिथून ९ मीटरवर दुसरा चेंबर, पुढे ६ मीटरवर सेप्टिक टाकी.

लक्षणं अशी: फ्लश केला की भांड्यातलं पाणी वर चढतं, मिनिटभर थांबतं, मग उतरतं. त्याच वेळी नहाणीत गुडगुड. सिंक रिकामं व्हायला काही त्रास नाही, पण गली ट्रॅपमध्ये पाणी जाळीला टेकतं. कमोडमधून स्प्रिंग (पाइप मोकळा करायची लवचीक तार) दोनदा फिरवून झाली. पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. फरशी फोडायची का, की बाहेर खणायचं?

ओळंबा

अजून काहीच फोडू नका, खणूही नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरूनच बरंचसं कळतंय. एकच जागा मंद असेल तर दोष त्या जागेच्या ट्रॅपमध्ये किंवा शाखेत असतो. इथे कमोड आणि नहाणी दोघंही एकमेकांना जाब देतायत, शिवाय गली ट्रॅप भरतोय. म्हणजे हे सगळे जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे अडथळा आहे. सिंक नीट चालण्याचं कारण इतकंच की ते गली ट्रॅपच्या जाळीपेक्षा बरंच उंच आहे. पाणी साचलं तर आधी जाळीतून बाहेर येईल, सिंकपर्यंत चढणार नाही.

दोन्ही चेंबरची झाकणं उघडा. उघडल्यावर १५-२० मिनिटं तशीच राहू द्या, वाकून डोकं आत घालू नका, जवळ काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा. मग बघा:

पहिला चेंबर भरलेला आणि दुसरा कोरडा, तर दोष त्या दोघांच्या मधल्या पाइपमध्ये. दोन्ही भरलेले, तर पुढे टाकीकडे. दोन्ही कोरडे आणि घरात पाणी तुंबतंय, तर घर ते पहिला चेंबर एवढ्याच तुकड्यात.

झाकण उघडं असतानाच पहिल्या चेंबरमध्ये १५ लिटरची बादली एकदम ओता आणि पातळी मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. पट्टी घेऊन साचलेल्या पाण्याची खोलीही मोजा. "हळू" हा शब्द दुरुस्तीला उपयोगी नाही, आकडा हवा. काम झाल्यावर तोच आकडा पुन्हा घ्यायचा आहे.

मधला मजला

तोवर कॉस्टिक सोडा किंवा अॅसिड टाकून बघायला काय हरकत आहे? बेकिंग सोडा आणि व्हिनेगरही बरेच जण सांगतात.

निचरा

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात. मागे उरतं ते पाणी, थोडा सोडियम अॅसिटेट आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

कॉस्टिक सोडा चरबीवर चालतो, पण जिथे तो पोचतो तिथे. नहाणीच्या ट्रॅपमधल्या केस आणि साबणाच्या गोळ्याला तो भिडतो. १० मीटर पुढच्या थराला भिडेपर्यंत पाण्यात विरून गेलेला असतो. कॉस्टिक आणि चरबी मिळून साबण होतो, आणि पाणी जड असेल तर कॅल्शियमचा न विरघळणारा साबण होऊन तोच पुढे पाइपला चिकटतो. कोरडा सोडा साचलेल्या पाण्यात जास्त टाकला तर तळाशी बसून दगडासारखा घट्ट होतो, हा वेगळाच त्रास. वापरायचाच असेल तर सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, कारण उष्णतेने ते उसळून तोंडावर येतं.

अॅसिडला माझा ठाम नकार. ते चेंबरचं सिमेंट खातं. आधी टाकलेल्या कॉस्टिकवर पडलं तर उकळी फुटते, ब्लीचवर पडलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि जुन्या काळ्या गाळावर पडलं तर हायड्रोजन सल्फाइड. या शेवटच्या वायूचा वास जास्त प्रमाणात नाकाला जाणवेनासा होतो, म्हणून "आता वास गेला" हे सुरक्षिततेचं लक्षण समजू नये. शिवाय सेप्टिक टाकीतले जिवाणू कॉस्टिक आणि अॅसिड दोन्हींनी मरतात, ते वेगळं.

आणि एक. रसायन टाकलेल्या लाइनमध्ये दुसरा कुणी हात किंवा स्प्रिंग घालणार असेल तर त्याला आधी सांगा. ते पाणी उडून डोळ्यात गेलं तर इजा कायमची होऊ शकते.

उकळतं पाणीही नको. पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांच्या वर मऊ पडायला लागतो आणि कमोडच्या भांड्याला तडा जाऊ शकतो.

तळमजला

मोजमाप:

पहिला चेंबर: तळापासून ६ सेंमी पाणी. दोन तास घरात पाण्याचा वापर बंद ठेवला तरी ६ च्या खाली जात नाही. १५ लिटर ओतल्यावर पुन्हा ६ वर यायला ४ मिनिटं.
दुसरा चेंबर: रिकामा, तळाशी फक्त ओल.
सेप्टिक टाकी: पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच. आत येणारा पाइप पाण्याच्या वर दिसतो.
दोन्ही चेंबरच्या तळांमध्ये लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून १४ सेंमी फरक.

ओळंबा

उत्तम. टाकीवरचा संशय संपला. टाकी भरली असती तर पाणी आत येणाऱ्या पाइपच्या तोंडाच्याही वर दिसलं असतं. आता फक्त ९ मीटरचा तुकडा.

एक गोष्ट नीट बघा. तुम्ही १४ सेंमी मोजलेत ते चेंबरच्या तळापासून की पाइपच्या तळापासून? पहिल्या चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडात बोटं घालून (रबरी हातमोजा घालून) पाइपचा खालचा ओठ चेंबरच्या तळापेक्षा किती वर आहे ते बघा. चेंबरचा तळ खाली आणि पाइप वर बसवलेला असेल, तर तेवढं पाणी तिथे कायमच राहणार. पाइप आरशासारखा स्वच्छ केला तरी राहणार. त्या पाण्याकडे बघून लोक अख्खं अंगण खणतात.

तळमजला

बरोबर, चेंबरच्या तळापासूनच मोजलं होतं. पहिल्या चेंबरमध्ये पाइपचा ओठ तळापेक्षा ४ सेंमी वर आहे. दुसऱ्यात तळ आणि पाइप एका पातळीत.

ओळंबा

मग हिशोब असा. ६ पैकी ४ सेंमी हे नुसतं डबकं. ते मंद वाहण्याचं कारण नाही, पण मैला तिथेच बसून गोळे होत राहतात, म्हणून दुरुस्त करायचंच. अडथळ्याने धरून ठेवलेलं पाणी वरचं २ सेंमी, आणि ४ मिनिटं लागतात ती त्यामुळे.

पाइपचा खरा ढाळ १४ अधिक ४, म्हणजे ९ मीटरमध्ये १८ सेंमी. १:५० झाला (५० सेंमी लांबीला १ सेंमी उतार). १०० मिमीच्या लाइनला १:४० हा गवंड्यांचा जुना ठोकताळा, पण १:६० पर्यंत काम चांगलं चालतं, आणि बांधणी नेटकी असेल तर १:८० सुद्धा. म्हणजे दोन टोकांमधला एकूण ढाळ पुरेसा आहे. पण दोन टोकं बरोबर आहेत याचा अर्थ मधला पाइप सरळ आहे असा होत नाही. मध्ये पोट (खाली झुकलेला भाग) पडलेलं असू शकतं.

आता दोन शक्यता: आत थर किंवा मुळं, नाहीतर पोट. दोन्ही एकत्रही असतात, कारण पोटात पाणी संथ झालं की चरबी आणि गाळ तिथेच बसतो. स्प्रिंग फिरवल्यावर पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा तेच, हे त्याचंच लक्षण. कमोडमधून घातलेली स्प्रिंग बहुतेक पहिल्या चेंबरपर्यंतच पोचत होती, किंवा थराला नुसतं भोक पाडत होती.

करवत

स्प्रिंगपेक्षा इथे जोडायच्या काठ्या घ्या. एक काठी साधारण १ मीटरची असते, ९ मीटरसाठी १० लागतील. कोरड्या चेंबरमधून, म्हणजे दुसऱ्यातून पहिल्याकडे काम करायचं. अडथळा सुटला की पाणी तुमच्याकडेच येणार, त्यामुळे चेंबरच्या तोंडासमोर न बसता बाजूला बसा.

सगळ्यात महत्त्वाचं: काठ्या फिरवायच्या त्या फक्त घड्याळाच्या दिशेने. उलट फिरवल्या की आटे सुटतात, टोक आत राहतं, आणि मग खरंच खणावं लागतं. बाहेर ओढतानाही घड्याळाच्या दिशेनेच हलकं फिरवत राहा.

सुरुवात करण्याआधी दुसऱ्या चेंबरमधून टाकीकडे जाणाऱ्या तोंडावर जाळी किंवा पंजा धरा, सुटलेले गोळे तिथेच काढून बादलीत घ्या. ते पुढे गेले तर आजचा अडथळा ६ मीटर पुढे सरकला, एवढंच होतं.

आधी स्क्रूचं टोक लावा. हाताला काय लागतं याकडे लक्ष द्या. चरबीचा थर मऊ, चिकट लागतो आणि काठी पुढे जाते पण अडथळा सुटत नाही. मुळं धरून ठेवतात, फिरवलं की पीळ बसून काठी हाताला उलटी ओढ देते आणि टोकाला तंतू येतात. सिमेंटचा गोळा टक्कन वाजतो आणि काठी तिथल्या तिथे थांबते. फरशीचं काम झालेल्या घरात हे हमखास बघावं, ग्राउटचं पाणी नहाणीत धुतलेलं असतं. कापड किंवा पॅड असेल तर स्क्रूला गुंडाळून येतं. जिथे बदल जाणवेल तिथे चेंबरच्या भिंतीशी काठीवर चिकटपट्टी लावून खूण करा. बाहेर काढल्यावर अंतर मोजता येतं.

नंतर स्क्रू काढून १०० मिमीची रबरी चकती लावा आणि पाइपभर मागेपुढे ओढा. स्क्रू फक्त भोक पाडतो, चकती थर खरवडते.

तळमजला

काठी ९ मीटर पूर्ण गेली, टणक काही लागलं नाही. दुसऱ्या चेंबरपासून साधारण ४ ते ५.५ मीटरच्या पट्ट्यात जड लागते. चकतीवर काळपट राखाडी लगदा, बोटाने चोळला तर मेणासारखा. तंतू नाहीत. दोन बादल्या निघाला. आता १५ लिटरला दीड मिनिट.

निचरा

चार मिनिटांवरून दीड. थर होता हे सिद्ध झालं, पण स्वच्छ लाइनला चेंबरमधलं १५ लिटर पाणी निघून जायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागू नये. अजून काहीतरी आहे.

आता जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने पाइप धुणं) करून घ्या आणि त्यानंतरच कॅमेरा घाला. घाणेरड्या पाइपमध्ये कॅमेरा घातला तर भिंगावर लगदा बसतो आणि काही दिसत नाही. जेटच्या नोजलला मागे तोंड केलेली छिद्रं असतात. त्या धारांच्या जोरावर नळी पुढे खेचली जाते आणि सुटलेला मळ मागे येतो. म्हणून तोही दुसऱ्या चेंबरमधून, वरच्या दिशेने. नोजल पाइपमध्ये निदान १ मीटर गेल्यावरच दाब सुरू करायचा, आणि बाहेर येण्याआधी बंद. त्यासाठी नळीवर नोजलपासून १ मीटरवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. चालू नोजल चेंबरमध्ये बाहेर आलं तर नळी सापासारखी उसळते आणि ती धार कातडी फाडते.

घरात कमोडचं झाकण बंद ठेवा, नहाणीवर ओलं कापड आणि वर वजन. हवेच्या धक्क्याने ट्रॅपमधलं पाणी बाहेर उडतं. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओता, नाहीतर ५० मिमीचा तो पाण्याचा अडसर गेलेला असतो आणि रात्रभर घरात वास येतो.

कॅमेरा घालताना वरून नळ बारीक चालू ठेवा. पाण्याचा ओघळ दिसत राहिला तर पाइप सरळ. भिंग पाण्यात बुडालं आणि पुढे पुन्हा वर आलं, तर ते पोट. बुडाल्याचं आणि वर आल्याचं अंतर लिहून घ्या.

मधला मजला

इतकं करण्यापेक्षा अख्खी लाइन १६० मिमीची टाकली तर कायमचा प्रश्न मिटेल ना?

निचरा

नाही, उलट बिघडेल. एका घराच्या फ्लशचं पाणी ६ लिटर. तेच पाणी रुंद पाइपमध्ये पसरलं की त्याची खोली कमी होते, आणि मैला तरंगून पुढे जाण्याऐवजी तळाला टेकतो. पाइप भरून वाहतोय म्हणून तो लहान पडतोय, असं या घरात काहीच नाही. दोष आकारात नाही, ढाळात आहे. ११० मिमी बरोबर आहे.

याला जोडूनच: दुहेरी बटणाचा फ्लश असेल तर मैल्यासाठी मोठंच बटण दाबावं. ३ लिटरने भांडं स्वच्छ दिसतं, पण चेंबरपर्यंत ढकलायला ते पाणी पुरत नाही. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने लाइन भरत जाते.

तळमजला

कॅमेऱ्याचं निरीक्षण: पहिल्या चेंबरपासून मोजलं तर ३.४ मीटरवर भिंग पाण्यात जातं, ५.१ वर बाहेर येतं. सगळ्यात खोल जागी पाणी पाइपच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ३.६ वर सांधा दिसतो, खालच्या बाजूला किंचित फट. बाकी पाइप स्वच्छ. १५ लिटरला ५० सेकंद.

ओळंबा

काठीची खूण दुसऱ्या बाजूने ४ ते ५.५ होती. ९ मधून वजा करा, ३.५ ते ५. दोन वेगळ्या साधनांनी एकच जागा दाखवली. आता खणा, पण साधारण ३ ते ५.५ मीटर एवढंच. बाकी लाइनला हात लावायची गरज नाही.

हे पोट साफ करून जाणार नाही. जेट मारलात की काही महिने चालेल, मग पुन्हा थर.

करवत

खणल्यावर आधी खालची माती बघा. सांध्यातून झिरपून भुसभुशीत झाली असेल तर ती घट्ट लागेपर्यंत काढून टाका. पाइपखाली विटेचा तुकडा किंवा दगड देऊन तो उचलायचा मोह होतो, ते करू नका. एका बिंदूवर टेकलेला पाइप त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा खाली बसतो आणि एकाची दोन पोटं होतात.

वाळूचं १० सेंमी जाडीचं अंथरूण, पाणी मारून धुम्मसने ठोकलेलं. त्यावर दोरी बांधून ढाळ घ्या. तुमचा ढाळ १:५०, म्हणजे २.५ मीटरच्या तुकड्याला ५ सेंमी. दोरी जुन्या पाइपच्या दोन्ही टोकांशी जुळते का ते बघा, नुसता नवा तुकडा ढाळात बसवून उपयोग नाही. कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) जिथे येतो तिथे वाळूत छोटा खळगा करा. पाइप पूर्ण लांबीने वाळूवर टेकला पाहिजे, कपलरच्या जाडीवर नाही.

दोन्ही टोकं जमिनीत पक्की असल्यामुळे साधा कपलर बसत नाही. मध्ये अडणी नसलेला, पूर्ण सरकणारा रबर रिंगचा दुरुस्ती कपलर मागा, दोन नग. पद्धत: जुन्या पाइपची टोकं काटकोनात कापा, आतला-बाहेरचा बूर (कापल्यावर राहिलेली खरबरीत कड) कानशीने काढा, बाहेरची कड तिरपी घासा. नवा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा १० मिमी आखूड कापा. कपलरच्या अर्ध्या लांबीची खूण चारही टोकांवर पेन्सिलने करा. दोन्ही कपलर नव्या तुकड्यावर पूर्ण सरकवून ठेवा, तुकडा जागेवर बसवा, मग कपलर खुणेपर्यंत मागे ओढा. रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. बूर राहिला तर रिंग दुमडते, आणि मग नेमकी खालच्या बाजूने गळते.

माती टाकण्याआधी चाचणी. दुसऱ्या चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाला फुगवायचा बूच लावा, पहिल्या चेंबरमधून लाइन भरा, चेंबरच्या भिंतीवर पाण्याची खूण करून अर्धा तास थांबा. या पाइपमध्ये मीटरला साधारण ८ लिटर मावतं, ९ मीटरला ७०-७५ लिटर, त्या अंदाजाने बादल्या तयार ठेवा. कपलरच्या खाली कोरडा हात फिरवून ओल बघा. नंतर पाइपच्या वर १५ सेंमीपर्यंत वाळू, मग खडे वेचलेली माती १५-१५ सेंमीच्या थरांत. पहिले दोन थर हलक्या हाताने ठोका.

ओळंबा

चेंबरचं काम त्याच दिवशी घ्या. ११० मिमीचा पाइप उभा चिरून अर्धा करा, ही झाली नाळ; ती चेंबरमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपच्या तळांशी एका रेषेत बसवा. तुमच्याकडे ४ सेंमीची पायरी आहे ती अशी भरून निघेल. दोन्ही बाजूंना १:३ च्या (सिमेंट-वाळू) मालाने उतरता गिलावा, वर निव्वळ सिमेंटचा घोटलेला हात, म्हणजे पाणी चढलं तरी घाण कडेला न राहता नाळीत परत येते. गली ट्रॅपची शाखा नाळीत काटकोनात नको, प्रवाहाच्या दिशेने वळवून सोडा. माल टाकताना पाइपच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घाला आणि त्याची दोरी चेंबरबाहेर खुंटीला बांधा. बोळा आत विसरून झाकण लावलं जातं, ही नेहमीची चूक आहे.

मधला मजला

नहाणीतल्या गुडगुडीचं काय? ती व्हेंट पाइपमुळेही (लाइनमध्ये हवा खेळावी म्हणून गच्चीपर्यंत नेलेला पाइप) येते असं वाचलंय.

निचरा

येते. फरक ओळखायचा असा: फ्लश केल्यावर चेंबर मोकळा वाहतोय, तरी नहाणीत गुडगुड होते आणि तिच्या ट्रॅपमधली पातळी खाली जाते, तर हवा कमी पडतेय. गच्चीवर व्हेंटच्या टोकाची जाळी बघा, पक्ष्याचं घरटं किंवा पानं असतात. वरून नळीने पाणी सोडा. ते लगेच खाली गेलं तर व्हेंट मोकळा. चेंबर भरलेला असताना येणारी गुडगुड मात्र पाण्याने ढकललेल्या हवेची असते, तिथे व्हेंटच्या मागे लागू नका. या घरात आधी लाइन, मग गुडगुड उरली तर व्हेंट.

तळमजला

२.६ मीटरचा तुकडा बदलला, नाळ बसवली, अर्ध्या तासात खुणेवरून पाणी हललं नाही. सांध्याखालची माती हाताएवढ्या खोलीपर्यंत चिखल झाली होती, सगळी काढली. पहिल्या चेंबरमध्ये आता पाणी उभं राहत नाही. १५ लिटरला २० सेकंद. गुडगुड बंद. सिंकच्या लाइनमधून येणाऱ्या चरबीसाठी काय करावं?

करवत

गली ट्रॅपच्या आधी ग्रीस ट्रॅप बसवा आणि वरची साय दर आठवड्याला पळीने काढून कचऱ्यात टाका, परत सिंकमध्ये नाही. भांडी धुण्याआधी तेलकटपणा कागदाने पुसून घ्या. गरम पाणी आणि साबणाने चरबी सिंकमधून निघून जाते खरी, पण दहा मीटर पुढे पाणी गार झालं की तिथे बसते.

आणि माती पूर्ण बसेपर्यंत, म्हणजे पुढचे तीन-चार महिने, दर महिन्याला तीच १५ लिटरची बादली ओतून वेळ लिहून ठेवा. ३० सेकंदांच्या वर गेला तर भराव खचतोय असं समजून कॅमेरा पुन्हा घाला, थर बसायची वाट बघू नका.